पहिल्या पावातला अर्धा तुकडा

बसरेकर मामा पावाचे पीठ मळायचे ते रस्त्याकडे तोंड करून. दारातच भली मोठी लाकडी काथवट मांडायची, बाह्या खांद्यापर्यंत सारायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे मळत बसायचे. आमच्या मुलखात तेव्हा सगळ्यांची खात्री होती की पावाचे पीठ पायांनी तुडवतात. एखादा गाडीवान जाताना दिसला की मामा पिठाने माखलेले दोन्ही हात वर करून ओरडायचे, "बघ रं गड्या, हात हाईत हे! पाय तिकडं खाली हाईत!" गाडीवान हसायचा, बैलांना हाकायचा आणि पाव न घेताच पुढे जायचा.

गेल्या खेपेला मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही मला विचारले होते, की आजी अख्खा पाव घरात आला की सुरी न घेता हातानेच का मोडते. तेव्हा मी हसून उत्तर टाळले. आता सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला पुन्हा केव्हाही काढून वाचता येईल.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या घरात पाव रोज सकाळी असतो. आमच्या लहानपणी पाव म्हणजे आजारी माणसाचे खाणे होते. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला की डॉक्टर दूध-पाव सांगत. कोणी कागदात गुंडाळलेला पाव घेऊन रस्त्याने चालला असेल, तर लोक थांबवून विचारत, "घरात कोण पडलंय?" धडधाकट माणसाने पाव खाल्ला तर तो बाटला, असे मानणारी माणसे तर गावोगाव होती. अशा गावात, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या एका माणसाने पावाची भट्टी घातली होती.

ती आम्हाला सापडली केवळ कोळसा संपला म्हणून. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी मॅट्रिक झाले होते आणि माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, मला सांगलीला कॉलेजात घालायला निघाले होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. ते साताऱ्याला डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती. लढाईमुळे पेट्रोल मिळत नसे, म्हणून तिच्या पाठीमागे पाणी तापवायच्या बंबासारखे एक धूड बसवले होते. त्यात कोळसा जाळायचा आणि त्याच्या वायूवर मोटार चालायची. चालायची म्हणजे, चढ आला की आई आणि मी उतरून मागून ढकलायचे.

कऱ्हाड सोडले, इस्लामपूर अजून यायचे होते, आणि मोटार उसासा टाकून थांबली. नानांनी पोते झटकून पाहिले. कोळशाची नुसती भुकटी उरली होती. भोवती उसाची शेते आणि रस्त्याकडेला बाभळी. तेवढ्यात वाऱ्याबरोबर एक वास आला. तो वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता. भाजलेल्या गव्हाचा, किंचित आंबूस, गोडसर. त्या वासाच्या मागे आम्ही चालत गेलो, तर वळणापलीकडे एक कौलारू घर, शेजारी मातीविटांची घुमटीसारखी भट्टी, आणि तिच्या तोंडाशी लांब दांड्याची फळी हातात धरून उभा असलेला उंच, वाकलेला माणूस.

"कोळसा व्हय? भट्टीतला इझवलेला ढीगभर हाय, न्या की," ते म्हणाले. मग नानांच्या गळ्यातली नळी पाहून त्यांचा चेहरा उतरला. "डाक्टरसाब, कोण आजारी हाय गाडीत?"

"कोणी नाही. आम्हाला भूक लागली आहे," नाना म्हणाले.

मामांनी फळीवरून नुकताच काढलेला पाव उचलला. घासलेटच्या डब्याचे पत्रे कापून केलेल्या साच्यात तो भाजलेला होता. चटके बसत असताना त्यांनी तो हातानेच मोडला आणि आतली वाफ आमच्या तोंडावर आली. नाना आणि मी तिथेच उभ्याने तो संपवला. मामा आमच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटचा घास गेला तेव्हा ते म्हणाले, "लय दिसांनी धडधाकट माणसानं माझा पाव खाल्ला."

त्यांचे खरे नाव मला पुढे कळले, पण ते कोणीच घेत नसे. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर ते इराकातल्या बसऱ्याला गेले होते आणि गोऱ्यांच्या भट्टीवर पाव भाजायला शिकले होते. परत आल्यावर गावाने त्यांना बसरेकर करून टाकले. इस्लामपूरच्या दवाखान्यात त्यांचे पाव जात आणि जवळपासच्या गावांतून आजाऱ्यांची माणसे येत. त्यामुळे कोणत्या गावात कोण आजारी आहे हे मामांना माहीत असे. एखादे गिऱ्हाईक यायचे थांबले की त्यांना चैन पडत नसे. "बरं झालं म्हणून येत न्हाई, का गेलं म्हणून येत न्हाई, हे कळायला मार्ग न्हाई बघा," असे म्हणत ते रस्त्याकडे बघत राहायचे.

आई मात्र मोटारीतून उतरून भट्टीकडे फिरकली नाही. ती घराच्या ओट्यावर जाऊन बसली आणि प्रवासासाठी केलेल्या दशम्या तिने सोडल्या. तिथे मामांची बायको जात्यावर गहू दळत होती. मामी ठेंगणी, सावळी, कपाळावर मोठे कुंकू आणि जिभेला धार.

"तुमी न्हाई खाल्ला पाव?" मामींनी आईला विचारले.

"नाही बाई. आमच्यात चालत नाही."

"मग या, बसा. आपली दोघींची जात येकच झाली." मामी दळता दळता म्हणाल्या, "बघा वैनी, लोक लढाईवरनं आले, त्यांनी जिमिनी घेतल्या, बायकांना सोनं केलं. ह्या मानसानं काय आणलं? पीठ आंबवायची इद्या! दळायचं मी, चाळायचं मी, आन् खायाचं दुनियेनं."

"तू बी खा की. तुला कोण नगं म्हणतंय?" मामा भट्टीजवळून म्हणाले.

"आवं, गप बसा. पाव्हण्यांम्होरं नगा सुरू करू."

आई हसली. आईने दिलेली दशमी मामींनी खाल्ली आणि मामींनी दिलेले ताक आई प्यायली. न खाणाऱ्या दोघींची अशी मैत्री जमली की त्यानंतर दर सुट्टीला, मी सांगलीहून येता-जाता, ती मोटार तिथे कोळसा असला तरी थांबायची.

असे थांबता थांबता मामांची एक रीत माझ्या लक्षात आली. भट्टीतून निघालेला पहिला पाव ते कधी विकत नसत. तो हाताने मोडायचा, त्यातला अर्धा मामींपुढे धरायचा आणि विचारायचे, "खातीस?" मामी मान वरसुद्धा न करता म्हणायच्या, "न्हाई." "बरं," असे म्हणून मामा तो आपणच खायचे आणि कामाला लागायचे. यात राग नसे, रुसवा नसे. आमच्या घरी देवापुढे नैवेद्य दाखवून मग सगळे जेवतात, तसेच ते मला वाटे.

मामी का खात नाहीत हे त्यांनी आईला सांगितले होते. मामींना आईवडील नव्हते. होता तो एक थोरला भाऊ, तात्या, कृष्णाकाठच्या एका गावचा शेतकरी. मामांनी भट्टी घातली तेव्हा तात्याने तिथे उभे राहून बहिणीला सांगितले होते, "त्यो काय बी भाजू दे. पन तू त्याला तोंड लावलंस तर मी तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई." मामींनी शब्द दिला. दरवर्षी भाऊबीजेला तात्या यायचा. त्या दिवशी भट्टी पेटायची नाही. मामी पहाटे घर सारवून काढायच्या, नव्या चुलीवर पुरणाचा स्वयंपाक करायच्या, आणि तात्या भट्टीला वळसा घालून, मोठा पटका सावरत, मागच्या दाराने आत यायचा. वर्षभरात भट्टी थंड असायची ती तेवढीच.

"माझं म्हायेर म्हंजी त्यो येक दीस हाय, वैनी," मामी म्हणाल्या होत्या. "पावाच्या तुकड्यापायी त्यो घालवू का?"

आणि मामा मला एकदा म्हणाले होते, "ताई, सगळ्या तालुक्याच्या आजाऱ्यानं माझा पाव खाल्ला. गोऱ्या सायबानं खाल्ला. हिनं एकदा खाऊन 'वंगाळ हाय' म्हटलं तरी चालंल मला. पन खाऊन म्हणावं."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी निघाले होते. नाना आणि आई मला न्यायला आले होते. सांगलीच्या विश्रामबागेतून आम्ही सकाळीच निघालो आणि उन्हे चढायच्या आत मामांच्या वळणावर आलो, तर दारात काथवट नव्हती आणि वास आला तो करपल्याचा. भट्टीतून काळा धूर येत होता. मामा ओट्यावर बसले होते. त्यांच्यापुढे फळीवर काळे पडलेले पाव होते आणि ते त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"तिला ताप हाय," ते म्हणाले. "लय दिस झालं. उतरंना."

नाना आत गेले. मुदतीचा ताप होता आणि तो अंगात फार मुरला होता. तुम्हाला आज गोळ्या मिळतात तशा तेव्हा नव्हत्या. औषधापेक्षा पथ्यच जास्त असे. मामी ओळखू येत नव्हत्या. अंथरुणात जणू नुसते कुंकूच दिसत होते. पेज पोटात टिकत नव्हती, दूध उलटून पडत होते. नानांनी नाडी धरली, पोट तपासले आणि नेहमी सांगत तेच सांगितले. "दुधात पाव भिजवून द्या. अगदी थोडा थोडा. दुसरे काही नाही."

मामींनी उशीवरच मान हलवली. नाही.

मामा दारात उभे होते. इतकी वर्षे रोज सकाळी तिच्यापुढे अर्धा पाव धरणारा तो माणूस नानांपुढे हात जोडून म्हणाला, "डाक्टरसाब, दुसरं काय बी सांगा. त्यो नगं. आजाऱ्याचं म्हणून तिला त्यो द्यायचा नव्हता मला."

"पोटात काही राहिले नाही तर ती तापाशी झगडणार कशाने?" नाना म्हणाले.

मामा रस्त्यावर गेले आणि जाणाऱ्या एका सायकलवाल्याला त्यांनी तात्याच्या गावाला पिटाळले. नानांनी त्या दिवशी पुढे जायचे रद्द केले. नवीन पीठ आंबून पाव व्हायला दुसरा दिवस उजाडला असता, म्हणून आईने त्या करपलेल्यांतला त्यातल्या त्यात बरा पाव उचलला आणि विळीच्या पात्याने वरचा काळा थर खरवडून काढला. पावाला कधी न शिवलेली माझी आई त्या दिवशी पदर खोचून तो खरवडत बसली होती.

दुपार कलल्यावर तात्याचा छकडा आला. पांढऱ्या मिशा, ताठ मान. तो उतरला आणि पहिल्यांदाच भट्टीला वळसा न घालता सरळ पुढच्या दाराने आत आला. मामा त्याला दारातच म्हणाले, "दाजी म्हणून काय सांगत न्हाई. डाक्टर काय म्हंत्यात ते ऐका आन् तुमच्या बहिणीला तुमीच काय ते सांगा." आणि ते बाहेर निघून गेले. भट्टीपाशी, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आत जे झाले ते त्यांनी पाहिले नाही, हे लक्षात ठेवा.

तात्या बहिणीच्या उशाशी बसला. वाटीत दूध होते, ताटलीत तो खरवडलेला पाव. नानांनी त्याला सगळे समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग त्याने पावाचा एक तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि आधी आपल्याच तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला.

"झालं," तो म्हणाला. "आता आपुन दोघं बी बाटलो. खा."

मामींच्या डोळ्यांतून पाणी आले, पण त्या हसल्या. तात्याने दुसरा तुकडा बुडवून त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तो घेतला, जिभेवर घोळवला, आणि आम्ही सगळे त्यांच्या घशाकडे बघत बसलो. तो पोटात राहिला.

"करपल्याचा वास येतोय," मामी अगदी हळू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पन ग्वाड हाय रं. आनिक येक दे."

तात्याने दिला. तोही त्यांनी खाल्ला. मग त्यांनी तात्याला आणि माझ्याकडे बोट करून मलाही बजावले, "त्यांना सांगू नगा हां मी दुसरा मागितला म्हणून. न्हाईतर बरी झाल्यावर रोज खायाला लावतील."

आई तोंडाला पदर लावून हसली. तात्या बाहेर गेला आणि मामांना एवढेच म्हणाला, "खाल्ला." मामांनी मान हलवली आणि भट्टीचे तोंड विटेने बंद केले.

आम्ही साताऱ्याला परतलो. थोड्याच दिवसांत प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने नानांना निरोप आणून दिला की बसरेकरांची बायको गेली. नानांनी हातातले काम तसेच ठेवले. आई म्हणाली, "तिला वाटत होते, आपण बरे होणार."

पुढच्या वर्षी मी बी.ए. झाले आणि सांगली कायमची सोडली. सामान बांधून आम्ही निघालो. वळणावर आलो तेव्हा वास चांगला येत होता. काथवट दारात होती, कालचे पाव फळीवर मांडलेले होते. पण मामा भट्टीपाशी नव्हते. ते आत चुलीपुढे उकिडवे बसले होते आणि भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली.

"ये ताई," ते म्हणाले. "पावाला काय, मी डोळं झाकून भाजीन. हे जमत न्हाई. तिच्यासारखी यकदा बी न्हाई झाली."

मी म्हणाले, "मामा, पाव आहे की बाहेर."

"त्यो हाय रोजचा." त्यांनी भाकरीचे दोन तुकडे ताटात एकमेकांना जुळवून ठेवले. "तात्या आलता भाऊबीजेला. म्होरल्या दारानं आला. भट्टी थंड ठीव म्हणाला न्हाई. बसला, पाव खाल्ला, आन् दोघं बी गप बसलो आमी."

मग ते बाहेर आले. भट्टीतून पाव निघायची वेळ झाली होती. त्यांनी पहिला पाव काढला, हाताने मोडला, आणि अर्धा हातात घेऊन सवयीने जात्याकडे वळले. जाते भिंतीला टेकवून ठेवलेले होते. मग तो अर्धा त्यांनी माझ्या हातात दिला.

"ताई, येक सल हाय बघ," ते म्हणाले. "इतकी वर्सं चांगलं पाव भाजलं. येक दीस करपलं, आन् नेमका त्योच तिनं खाल्ला. माझ्या हातचं तिला तेवढंच कळलं. करपलेलं."

मामींनी मला बजावले होते, आणि मी वर्षभर तो शब्द पाळला होता. पण तो शब्द बऱ्या झालेल्या मामींसाठी होता. मी म्हणाले, "मामा, त्यांनी दुसरा मागितला होता."

"काय?"

"दुसरा तुकडा. ग्वाड हाय म्हणाल्या, आणि आणखी एक मागून घेतला. तात्यांना आणि मला सांगितले, त्यांना सांगू नका. नाहीतर बरी झाल्यावर रोज खायला लावतील म्हणाल्या."

मामांनी माझ्याकडे पाहिले. मग ते भट्टीच्या कट्ट्यावर बसले. पिठाने पांढरे झालेले हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. त्यांचा चेहरा आधी हसला आणि मग ते हसणे तसेच राहून डोळे भरून आले.

"रोज?" त्यांनी विचारले.

"रोज, म्हणाल्या."

नाना मोटारीतून हाक मारत होते. मी मामांना नमस्कार केला आणि निघाले. तो अर्धा पाव हातातच होता, अजून गरम. वळणावर मी मागे पाहिले, तर मामा अजून कट्ट्यावरच बसले होते आणि रस्त्याने जाणाऱ्या एका गाडीवानाला दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत होते. गाडीवान गाडी थांबवून ऐकत होता. मोटारीच्या आवाजात बाकीचे काही ऐकू आले नाही, पण त्यातले एक वाक्य वाऱ्याबरोबर आले.

"खायाला लावला असता की रं! रोज लावला असता!"